शब्द पयले, आवाज मागून

काकांशी बोलताना माझं वाक्य आधी त्यांच्या ओठांवर यायचं आणि मग माझ्या. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बोलता बोलता थांबले. तेही थांबले. मग मी मुद्दाम विषय बदलला, "काका, आज डब्यात..." एवढंच म्हणाले, तर त्यांचे ओठ 'वांगं' म्हणून मोकळेही झाले होते. डब्यात वांग्याचीच भाजी होती. असेल बापा, वास आला असेल! पण मला तर तेव्हापासून त्यांच्यासमोर बसून जेवणच जाईना.

"सवय आहे व पोरी," ते म्हणाले. "सारी जिंदगी दुसऱ्यायच्या तोंडात शब्द घातले. आता तोंड माह्यं आयकत नाही."

काका प्रॉम्प्टर होते. आमच्या झाडीपट्टीच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. धान कापून झालेल्या बांधीत स्टेज उभं राहतं आणि रात्रभर नाटक चालतं. स्टेजच्या पुढ्यात एक खड्डा असतो, त्यात पेटीवाला, तबलेवाला आणि पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर. कंपनीचं आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरं. नटांना पाठ करायला वेळ कुठला? वाक्य आधी खड्ड्यातून निघायचं, मग स्टेजवरून. प्रेक्षकांना कळतही नसे. काकांनी केस पांढरे होईपर्यंत हेच केलं, आणि मग कंपनी बंद पडल्यावर ते भंडाऱ्याला आमच्या स्टुडिओत आले.

आले म्हणजे नोकरी मागायला नाही. पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळलेली एक सीडी घेऊन आले. आमचा स्टुडिओ एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. लग्नं, सत्कार, निरोप समारंभ, शिकवणीवाल्यांचे व्हिडिओ असलं काम. मालकांना आम्ही दादा म्हणायचो. काकांनी दादांसमोर सीडी ठेवली आणि म्हणाले, "याच्यात माह्या बायकोचं शेवटचं नाटक आहे. आवाज गेला. याच्यावर शब्द घालून द्या."

दादांनी सीडी लावून बघितली. कॅसेटवरून उतरवलेलं चित्र, मुंग्या आल्यासारखं. पहिल्या दोन अंकांत आवाज बरा होता, तिसऱ्यात नुसती घरघर. दादा म्हणाले, "काका, जे ऐकूच येऊन नाही राहिलं ते लिहील कोण?"

"मी लिहितो ना. सारं नाटक पाठ आहे मले. कॉम्प्युटर तेवढा शिकवा."

दादांनी त्यांना माझ्या गळ्यात टाकलं. मी आधीच कामानं वैतागलेली, त्यात हे. पण आठ-पंधरा दिवसांत त्यांनी असं टायपिंग धरलं की मीच चाट पडले. मग ठरलंच: सकाळी ते आमच्या गिऱ्हाइकांच्या व्हिडिओची वाक्यं टाइप करतील, दुपारी जेवण झाल्यावर आमच्याच कॉम्प्युटरवर त्यांची सीडी. भंडाऱ्यात त्यांच्या भाच्याकडे एक खोली होती, घर मात्र लाखांदूरकडच्या खेड्यात. भाच्याचं घर कोष्ट्यांचं, दिवसभर मागाची खटखट. "तिथं बरं वाटते," म्हणायचे. "कोनी बोलते असं वाटते."

या कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. व्हिडिओत माणूस बोलतो तेव्हा खाली अक्षरं येतात, त्याची एक वेगळी साधी फाईल असते. तिच्यात काय असतं? हे वाक्य कुठल्या वेळेला सुरू होतं, कुठल्या वेळेला संपतं, आणि वाक्य. बस्स. पूर्वी तेवढ्यानं भागायचं. पण रील्स आल्या आणि लोकांना नुसती अक्षरं नकोशी झाली. शब्द उड्या मारत यायला पाहिजे, बोलेल तसा एकेक, पिवळा, मोठा! मग ती फाईल मी एका छोट्या प्रोग्राममधून काढायची, तो तिचे तुकडे करून एडिटिंगमध्ये एकेक शब्द वेगळा मांडून द्यायचा, आणि मी त्या शब्दांना हालचाल द्यायची. खालून वर येणं, मोठं होणं, विरून जाणं.

सुरुवातीला मी एक चूक केली होती. बाहेरचा प्रोग्राम, त्याला आपली लिपी काय ठाऊक? मी अक्षर-अक्षर उडवायला लावलं तर काना एकीकडून आला, मात्रा दुसरीकडून, वेलांटी हवेत लटकलेली. काका मागे उभे होते. त्यांनी डोळेच झाकले. "हातपाय तोडून काहून आनता व शब्दाले? अख्खा आन ना!" तेव्हापासून आमच्याकडे शब्द अख्खाच उठतो. हा शब्द त्यांचाच, 'उठवणं'. अॅनिमेशन वगैरे त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. "झाली माही फाईल. आता तू उठव," म्हणायचे. दुपारी खिडकीचे पडदे ओढलेले, पंखा कुरकुरत असलेला, आणि मागून म्हातारा म्हणतो, उठव. मी चिडून म्हणायची, "काका, असं नका म्हणू बरं तुमी. मसणात बसल्यावानी वाटते." ते हसायचे. दात थोडेच उरले होते, पण हसू गोड होतं.

त्यांच्या फाईलमध्ये एकच खोड होती. प्रत्येक वाक्य थोडं आधी यायचं. माणसानं तोंड उघडण्याआधी अक्षरं हजर. थोडंच, अर्धा सेकंद असेल नसेल, पण बघणाऱ्याला अस्वस्थ व्हायचं. एका शिकवणीवाल्या सरांनी आपला व्हिडिओ पाहिला आणि उठून उभेच राहिले. "हे काय आहे? मी बोलून राहिलो का मले कोणी बोलवून राहिलं?" दादा काकांवर ओरडले. काका शांत. "खड्ड्यातून शब्द पयले जाते, आवाज मागून येते. उलटं केलं तर नट मरते." दादांनी कपाळाला हात लावला. मग मी काकांना न सांगता अख्खी फाईल मागे सरकवून द्यायची आणि गिऱ्हाइकं खूश व्हायची.

दुसरी तऱ्हा म्हणजे, बोलणं संपलं की अक्षरं एक क्षणही पडद्यावर राहिलेली त्यांना चालत नसत. "बोलनं झाल्यावर शब्द उभा राहिला का त्याचा मुर्दा होते, पोरी. उचल." आणि दोन माणसं बोलत असली तर मधे जागा सोडायची. मी म्हणायची, अहो, इथं कोणी काही बोलतच नाहीये, कशाला जागा? "बोलन ना कोनी. रिकामी जागा दिसली का मानूस बोलतेच."

जवाहरनगरच्या कारखान्यातले एक गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ आमच्याकडे होता. हार, शाल, नारळ, भाषणं. गृहस्थ स्वतः चार शब्द बोलले आणि खुर्चीवर जाऊन बसले. पुढे नुसत्या टाळ्या. काकांच्या फाईलमध्ये मात्र त्या टाळ्यांवर एक ओळ होती: 'घरी चल ना.' मी म्हटलं झालं, म्हातारा चुकला. गृहस्थांचं तोंड तर हातातल्या गुलदस्त्यामागं लपलेलं, नाकाच्या खालचं काही दिसत नव्हतं.

"काका, हे कोण बोललं?"

"तोच. दुसरं कोन?"

"आवाज कुठं आहे?"

"तू आवाजाच्या मागंच काहून लागतं व?"

काढून टाकायची म्हणून ठेवली आणि राहून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी व्हिडिओ बघायला आल्या. मी लावून दिला. टाळ्या सुरू झाल्या आणि पडद्यावर एकेक शब्द उठला, घरी, चल, ना. मी जीभ चावली. बाई हळूच म्हणाल्या, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी सांगितलं ते असं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या संध्याकाळी घरी आल्यावर गृहस्थ म्हणाले, तुला मी स्टेजवरून घरी चल म्हणत होतो, बरं वाटत नव्हतं, तू ऐकलं नाहीस. त्यांना टाळ्यांत काहीच ऐकू आलं नव्हतं. पहाटे गृहस्थांना लकवा मारला आणि वाचा गेली. आता ते नुसते बघतात. मी "चुकून राहिलं, काढून टाकते" म्हणाले तर बाईंनी माझा हात धरला. "नको. तेवढं राहू द्या."

त्या गेल्यावर मी काकांना सरळच विचारलं. मला भीती वाटली की राग येतो, तो माझा स्वभावच आहे. "लोकांच्या गुलदस्त्यामागचं तुमाले दिसते, आन मग स्वतःच्या बायकोचं काहून दिसत नाही?"

काका कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "दुसऱ्यायच्या तोंडात मी जिंदगीभर शब्द घातले. तिच्या तोंडात घालाची पाळीच आली नाही. म्हनून नसंन दिसत."

हीच त्यांची सारी गोष्ट होती. त्यांना जगात एकच हवं होतं, आणि ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांची बायको कंपनीची नायिका. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या मागेपुढेच एका मंडईत तिचं शेवटचं नाटक झालं. अंगात ताप होता तरी उभी राहिली. शेवटच्या प्रवेशात नवऱ्याचं घर सोडून जाताना ती दारात थांबते, एक वाक्य म्हणते आणि निघून जाते. त्या रात्री ती थांबली, बराच वेळ गप्प उभी राहिली, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या कडकडाटात तिनं खड्ड्याकडे बघून ओठ हलवले आणि ती निघून गेली. नायकानं पुढचं सांभाळलं. आत जाऊन ती पडली ती उठली नाही. ताप मेंदूत गेला, दवाखान्यात चार-पाच दिवस होती, शुद्ध आली नाही. खड्ड्याकडे बघून ती आपल्यालाच काहीतरी म्हणाली, एवढंच काकांजवळ उरलं होतं. काय म्हणाली?

"वाक्य विसरल्या असतील," मी एकदा म्हटलं होतं. काकांना जरा रागच आला.

"ते? विसरन? तिच्या प्रवेशाले मी पुस्तक मिटून ठेवत होतो. वाक्य ते मुद्दाम गिळे. मंग लोकं पागल होत. तेच तर तिचं काम होतं!" आणि मग नेहमीसारखे दुसऱ्याच नटाच्या गोष्टीत शिरले. त्यांच्या कंपनीत ठरलेलं होतं म्हणे. पुरुषाचं वाक्य अडलं की त्यानं कानाची पाळी धरायची, बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं. खड्ड्यातल्या माणसानं समजून घ्यायचं. एका गावी राजाचं काम करणारा इतकी पिऊन आला की दरबाराचा अख्खा प्रवेश कान धरून सिंहासनावर बसला. "मागं बसलेली म्हातारी म्हने, राजानं कोनाची कोंबडी चोरली वो?" हे सांगून स्वतःच इतके हसले की ठसका लागला. मी पाणी दिलं.

दुपारच्या त्या प्रयोगांचं सांगितलं पाहिजे. काका तेवढ्या तुकड्यासाठी एक वाक्य टाइप करायचे, मी ते उठवायची. 'मी चालले.' व्हिडिओ मागे घ्यायचा, लावायचा. दारात उभी असलेली बाई, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. शब्द वर यायचे, तिचे ओठ हलायचे, पण शब्द एकीकडे, ओठ दुसरीकडे. काका मान हलवायचे. "नाही घेत. तिचं नाही हे." मग 'सांभाळून राहा.' नाही घेत. 'माफ करा.' नाही घेत. तिच्या माहेरची नावं टाकून बघितली, देवाची टाकून बघितली, त्यांच्या न जगलेल्या लेकराचं नाव टाकून बघितलं. त्या दिवशी काका लवकर निघून गेले.

माझं तर डोकं फिरायची वेळ आली. चुकीचं वाक्य उठलं की मला त्या बाईचा चेहरा आणखी कडक झाल्यासारखा वाटायचा. चित्र तेच, कॅसेटवरून उतरलेलं, ते कसं बदलेल? पण वाटायचं. स्क्रीनकडे पाठ करून चहा प्यायले तर पाठीला कळायचं की कोणी वाट बघतंय. घरी भात वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही घेत." आई म्हणाली, "कोण नाही घेत?" काय सांगणार? म्हटलं, काही नाही.

एका रविवारी मी आसगावला, आमच्या गावी, घरीच होते. बाबांना नाटकांचं भारी वेड. पूर्वी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं नसलं तरी घोंगडं घेऊन मंडईला पळायचे, यावरून आईशी भांडणं व्हायची. मी त्यांना काकांचं सगळं सांगत होते, तर हातातली तंबाखू तशीच ठेवून म्हणाले, "हिरव्या लुगड्याची? दारात उभी राहते ते? अवो, ते नाटक आपल्याच मंडईत झालं होतं!"

"तुमी होता?"

"होतो म्हणजे? पहिल्या टाळ्या मीच वाजवल्या असतीन. काय उभी राहिली ते बाई! एक शब्द नाही. आमाले वाटे आता बोलन, मंग बोलन. सारं गाव टाळ्या वाजवून राहिलं. खड्ड्यातले पेटीवालेबी वाजवून राहिले होते." मग म्हणाले, "मंग मेली ना ते? बम वाईट झालं."

माझ्या मनात तेव्हाच काहीतरी अडकलं, पण काय ते हाताला लागेना.

तेवढ्यात दादांच्या डोक्यात आलं की काकांच्या सीडीचा तो तुकडा आपल्या चॅनेलवर टाकू, झाडीपट्टीच्या नाटकवेड्यांना आवडेल. काका हो म्हणाले. "लोकं बघतीन तर कोनाले तरी कळन." मोबाईलसाठी व्हिडिओ उभा करावा लागतो, म्हणजे दोन्ही बाजू कापायच्या. मी कापला. अक्षरं मोठी ठेवली आणि ती नेमकी बाईंच्या तोंडावरच बसली. 'सांभाळून राहा' हे जुनंच वाक्य पडलेलं होतं तिथं. कपाळापासून गळ्यापर्यंत सगळं झाकलं गेलं. मी चरफडत अक्षरं खाली ओढायला माऊस उचलला, आणि तशीच राहिले.

तोंड झाकलं गेलं म्हणून पहिल्यांदा मला बाकीची बाई दिसली. इतके महिने आम्ही दोघं नुसते तिचे ओठ बघत होतो. उजवा हात कमरेजवळ होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं. घट्ट.

"काका."

ते पलीकडच्या टेबलावर कोणाच्या तरी बारशाची वाक्यं टाइप करत होते. मी पुढं काही बोललेच नाही. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे ओठ हलले. मी जे बोलणार होते ते काका आधीच बोलून चुकले होते. खुर्ची मागे सरकली. येऊन माझ्यामागे उभे राहिले. खाली स्टँडवर साकोली गाडीची अनाउन्समेंट चालू होती.

"लाव."

मी लावला. पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं.

"फिरून लाव."

कितीदा लावला कोण जाणे. मग ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. आवाज अगदी साधा होता, जेवायला चला म्हणावं तसा. "तिनं मागतलं होतं व. मले मागतलं होतं." मग म्हणाले, "पुस्तक मांडीवर मिटलं होतं. मीबी टाळ्या वाजवत होतो, पोरी."

मला रडूच कोसळलं. मी त्यांचा हात धरायला गेले, पण ते रडत नव्हते. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. 'पुढचं सांगा ना.' मी अक्षरं तोंडावरून काढून खाली आणली आणि उठवली. पुढचं. सांगा. ना. आणि तिच्या ओठांनी ते घेतलं. असं घेतलं की आजवर दिसलं कसं नाही याचीच मला लाज वाटली. इतकं स्पष्ट! जो कोणी बघेल त्याला कळेल.

मला वाटलं, संपलं. मिळालं. पण काका टाइप करतच राहिले. तिच्या त्या मागण्यानंतर ती जाण्यासाठी वळते, त्याआधी थोडा वेळ नुसती उभी असते. ओठ मिटून, खड्ड्याकडे बघत. त्या जागी त्यांनी एक ओळ घातली. वेळ नेहमीप्रमाणे थोडी आधीची.

'दार लावू नका. मी येतेच.'

"हे कोणाचं?"

"तिचंच. नाटकातलं. त्या रात्री गेलं ते." मग माझ्याकडे बघून, फार कडक आवाजात, "मागं सरकवशील नको. तू सरकवत असतं, ठाऊक आहे मले. याले जिथं ठेवलं तिथंच राहू दे. उठव."

मी उठवलं. बटण दाबताना ते स्क्रीनला तोंड लावून पुटपुटले, अगदी बारीक आवाजात, खड्ड्यातून सांगतात तसं. दार. लावू. नका. पिवळे शब्द वर आले, आणि त्यांच्या मागून, अर्धा श्वास मागून, हिरव्या लुगड्यातली बाई बोलली. मी... येतेच. प्रत्येक शब्दाला ओठ. मग बोटाचा पदर सुटला, तिनं तो खांद्यावर घेतला आणि ती वळून निघून गेली.

मी व्हिडिओ मागे घेतला. अक्षरांचा ट्रॅक बंद करून लावलं. ओठ मिटलेले, बोटाला पदर, आणि वळताना पदर तसाच बोटाला. ट्रॅक चालू केला. ओठ हलले, पदर सुटला. बंद केला, मिटले. चालू केला, हलले.

हे माझं रोजचं काम आहे हो. शब्द दिसला की डोळाच ओठ हलवून घेतो, हे मला कळतं, कोणी मला शिकवायला नको. मानते. पण पदर कसा सुटला, ते मला कोणीतरी सांगा.

काकांना काही आश्चर्य वाटलं नव्हतं. चष्मा पिशवीत घातला, सीडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ठेव तुह्यापाशी. मले आता कायले?" जिन्यापर्यंत गेले, परत आले, "रडून नको राहू व. झालं ना काम," म्हणाले आणि खाली उतरले. वरून मी बघत होते. लाखांदूरची गाडी लागलेली होती, ते चढून खिडकीशी बसले. त्यांचे ओठ हलत होते, थांबत होते, हलत होते. शेजारची जागा रिकामी होती.

पुढच्या आठवड्यात आले नाहीत. भाच्याला विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. मग सुट्टीच्या दिवशी मीच एसटीनं गेले. लाखांदूरच्या अलीकडे उतरून धानाच्या बांध्यांमधून चालत गेलं की त्यांचं गाव. घर विचारावं लागलं नाही. सगळ्या आळीत एकच दार सताड उघडं होतं आणि ओसरीवर माणसं बसली होती. काका दोन दिवसांपूर्वी झोपेतच गेले होते.

शेजारच्या म्हातारीनं मला पाणी दिलं. "तू त्यायची पुतनी का व?"

"नाही. सोबत काम करत होतो."

"मानूस चांगला. पण यावेळी आला तं डोकं फिरून आला, बापा. रातभर दार उघडं. कुत्रे शिरत, मांजरं शिरत. मी म्हनो, अवो भाऊ, थंडीचे दिवस, दार लावा ना! तं मले म्हने, लावू नको म्हनून सांगून गेली ते." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "आन बोलत बसे. आपलं एक वाक्य बोले, मंग चूप बसे. मंग दुसरं बोले. मी भिंतीच्या आडून आयको."

"कोणाशी बोलायचे?"

"काय मालूम? दुसऱ्याचं काई आयकू नाही आलं." मग माझ्याकडे सरकून, आवाज खाली करून म्हणाली, "पन जागा बरूबर सोडत होता."

तो तुकडा मी दादांना चॅनेलवर टाकू दिला नाही. भांडले, नोकरी सोडीन म्हटलं, तेव्हा गप्प बसले. आता माझा स्वतःचा छोटासा स्टुडिओ आहे पवनीला, बरं चाललंय. कॉम्प्युटर बदलले, प्रोग्राम बदलले, आता तर बोललेलं ऐकून मशीनच अक्षरं लिहून देतं, आणि वेळही नेमकी लावतं, ना पुढे ना मागे. काकांची ती फाईल मात्र मी प्रत्येक नव्या मशीनवर आधी चढवते. अधूनमधून दुपारी लावून बघते. ती विचारते, काका सांगतात, ती बोलते, पदर सोडते आणि जाते.

तो ट्रॅक मी कधी बंद करत नाही. एकदा नवीन मशीनवर चुकून बंद राहिला होता. ती पुन्हा दारात उभी होती, बोटाला पदर गुंडाळून, आणि या वेळी खड्ड्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दार लावू नका." मग मी पुढच्या शब्दांपुरती जागा सोडली आणि तिच्या ओठांकडे बघत राहिले.